बर्फात ठेवलेले सेल

आमच्या कंपनीला माणसांची काळजी नाही असं कुणी म्हटलं, तर मी त्याला आमच्या लिफ्टमध्ये नेऊन उभा करीन. लिफ्टमध्ये पोस्टर आहे. एक गोरापान म्हातारा, एक गोरीपान म्हातारी, दोघांची बत्तिशी शाबूत, आणि खाली लिहिलंय, तुमचे आईबाबा ते आमचे आईबाबा. मालाडच्या त्या काचेच्या इमारतीत मी हिशेबखात्यात बसते, त्यामुळे रोज सकाळी या दोघांचे दात बघतच वर जावं लागतं. कंपनीचे आईबाबा बहुतेक असेच असतात, चकाचक आणि कशाचीही गरज नसलेले. माझी आई तशी नाही, आणि तिच्या कानातल्या मशीनच्या चिमूटभर सेलसाठी या लोकांनी मला जो नाच नाचवला, तो आठवला की अजून डोकं तापतं.

माझी आई मढची कोळीण. बाबा होते तेव्हा घरची होडी होती. ते गेले, होडी विकली गेली, आणि तेव्हापासून आई पहाटे बंदरावर लिलावात म्हावरं घेते, बसने मालाडला आणते आणि संध्याकाळपर्यंत बाजारात बसून विकते. मी लग्न होऊन मालाडलाच आले. ऑफिस सुटलं की तिच्याजवळ जाऊन उलट्या क्रेटवर अर्धा तास बसते आणि मग घरी जाते. तिच्याकडे माझा धाकटा भाऊ राहतो. त्याच्याबद्दल सांगेन, पण आधी लिलाव सांगते, कारण सगळं त्यावरच अडलेलं होतं.

आमच्या बंदरावरचा लिलाव तोंडी चालतो. होडी लागली की टोपल्या रिकाम्या होतात, पुकारणारा भाव पुकारायला लागतो आणि बायका भोवती कोंडाळं करतात. बोली पुढून येते, मागून येते, कुणाच्या तरी काखेतून येते. मागची बोली तुम्हाला ऐकू आली नाही तर तुमच्या हातचा वाटा गेला. मग हात रिकामे घेऊन बसमध्ये बसा, नाहीतर दुसरीकडून चढ्या भावाने घ्या आणि बाजारात गिऱ्हाइकाच्या शिव्या खा. त्यात लिहिणंबिहिणं काही नसतं, फक्त जीभ आणि कान.

आईचे कान जायला लागले ते आम्हाला कळलंच नाही, कारण बाजारात तर ती आधीपासूनच बहिरी होती. गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला की तिला ऐकू येत नसे, वाढवून दिला की लगेच येत असे. आम्ही हसायचो. मग बंदरावरच्या बायकाच एकदा मला म्हणाल्या की तुझ्या आईला मागचं काही ऐकू येत नाही, आम्ही तिच्या डोक्यावरून बोली लावतो आणि ती तशीच उभी राहते. त्या काही वाईट बायका नाहीत. पण धंदा आहे, तिथे कोण कुणासाठी थांबणार?

आता भाऊ. भावाला मासळीचा धंदा खालच्या दर्जाचा वाटतो. मढला बंगलेवाले आपले बंगले शूटिंगला देतात, तर आम्हीही आपलं अंगण देऊ, असं त्याच्या डोक्यात शिरलेलं. दिलंही एकदोनदा. शूटिंगवाल्यांना अंगणात वाळत घातलेली जाळी हवी, रंगवलेली होडी हवी, नऊवारीतली नटी हवी. खऱ्या टोपल्या मात्र नकोत, वास येतो म्हणे. कोळीवाडा पाहिजे आणि म्हावऱ्याचा वास नको, असल्या लोकांपुढे माझा भाऊ खुर्च्या मांडत फिरतो आणि त्याला वाटतं आपण प्रॉडक्शनमध्ये आहोत. त्याने आईला सांगूनच टाकलं होतं की आता तुला ऐकू येत नाही, लिलाव जमत नाही, बस घरी. टोपल्या काढून टाकू, अंगण मोकळं होईल.

आई घरी बसली असती तर काय झालं असतं ते मला ठाऊक आहे. आमच्या शेजारची एक म्हातारी अशीच घरी बसवली गेली. दिवसभर ओट्यावर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची की आज काय लागलं बंदराला. कुणी उत्तर द्यायचं, कुणी नाही. आईने तिला बघितलं होतं. म्हणूनच तिने हातातली एक पाटली उतरवली, सोनाराकडे नेली आणि मला म्हणाली, चल, कानाचं मशीन घेऊ.

मशीन आम्ही बोरिवलीच्या एका दुकानात घेतलं. दुकानदार पांढरा कोट घालून बसला होता, डॉक्टर नव्हता, पण कोट बघून माणूस गप्प बसतो हे त्याला माहीत होतं. माझ्याशी इंग्रजीत बोलत होता आणि आईशी ओरडून हिंदीत. पाटलीचे पैसे मोजून घेतल्यावर त्याला आठवलं की यात सेल लागतात, दर आठ-दहा दिवसांनी नवे, खाऱ्या हवेत राहत असाल तर त्याच्या आधीही. शिवाय मळ अडवायच्या जाळ्या, कानात घालायच्या रबरी टोप्या, साफ करायचा ब्रश, रात्री ठेवायची कोरडी डबी. होडी विकून झाल्यावर सांगायचं की डिझेल वेगळं, तशातला प्रकार. एक गोष्ट मात्र त्याने नीट शिकवली. मशीन लागत नसेल तेव्हा सेलचं इवलं दार उघडून ठेवायचं, म्हणजे सेल वाचतो. बाकी सगळं आई विसरली, ते दार विसरली नाही.

मशीन लावून आई पहिल्यांदा लिलावाला उभी राहिली त्या दिवशी मीही रजा टाकून गेले होते. मागून बोली आली आणि आईने मानसुद्धा न वळवता तिच्यावर बोली चढवली. मागची बाई म्हणाली, आली गो बया परत. आई वाटा टोपलीत भरत राहिली, पण तिचे कान लाल झाले होते. मला रडू आलं. बंदरावर रडणं बरं दिसत नाही म्हणून मी पलीकडे तोंड करून उभी राहिले.

आता कुणी म्हणेल, तू कमावतेस, घे की आईला सेल. मलाही तेच वाटलं होतं. पण आमच्यात लग्न करून दिलेल्या लेकीचा पैसा आई खात नाही. लेकीच्या घरी जेवायला बसली तरी जाताना नातीच्या हातावर काहीतरी ठेवूनच उठेल. मी सेलची पाकिटं घेऊन गेले तर तिने ती माझ्याच पर्समध्ये परत कोंबली. भाऊ तर म्हणाला की आई बंदरावर जावी म्हणून मी दमडी घालणार नाही. आणि धंद्यातून सेल घ्यायचे तर आईला दर सेलमागे एक पापलेट दिसायचं. ती म्हणायला लागली की सेल असेपर्यंत जाईन, संपले की बसेन. भावाने लगेच खुर्च्यांचा अंदाज घ्यायला सुरुवात केली.

मग मला ते लिफ्टमधलं पोस्टर आठवलं. आईला विचारलं, कंपनीने दिले तर घेशील? ती विचार करून म्हणाली, "कंपनी देते? मग घेईन. तुझं नको."

झालं. मी पोर्टल उघडलं. आमच्या कंपनीत दरवर्षी आरोग्यासाठी म्हणून काही रक्कम मिळते, स्वतःसाठी आणि आईवडिलांसाठी. लोक ती कशावर उडवतात ते हिशेबखात्यात बसून मला चांगलं दिसतं. एकाने धावायचे बूट घेतले. तो लिफ्टशिवाय जिनाही चढत नाही. एकीला मनःशांतीसाठी वासाच्या मेणबत्त्या मंजूर झाल्या. एकाने स्नायू वाढवायची पावडर घेतली, तीही मंजूर. मेणबत्ती जर औषध असेल तर सेल का नसावा, असं मला वाटलं. भोळी गं मी!

पहिल्यांदा उत्तर आलं की कानाचं मशीन नियमात बसतं, सेल बसत नाहीत, कारण ते वापरून संपतात. मी विचारलं, पावडर संपत नाही का? त्यावर उत्तर द्यायला माणूसच नव्हता. पोर्टलवर मदतीला एक यंत्र ठेवलंय. ते दर वाक्याआधी म्हणतं की तुमच्या भावना आम्ही समजतो. दुसऱ्यांदा म्हणाले, डॉक्टरची चिठ्ठी आणा. मग आईला महापालिकेच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे इलाज फुकट आहे, फक्त माझी एक रजा आणि आईचा एक दिवसाचा धंदा गेला. डॉक्टरीणबाई मात्र भली होती, तिने मुकाट लिहून दिलं. तिसऱ्यांदा म्हणाले, ही विजेची वस्तू आहे, घरगुती वापराची. म्हणजे माझी आई टॉर्चमध्ये सेल घालणार होती कानाच्या डॉक्टरची चिठ्ठी दाखवून! आमच्या खात्यात कुणी असा शेरा मारला असता तर मी त्याला जागेवर सोललं असतं.

शेवटी मी एचआरच्या मॅडमसमोर जाऊन बसले. या मॅडम गोड बोलतात. इतकं गोड की बाहेर आल्यावर आपल्याला काय मिळालं ते आठवत नाही. त्या म्हणाल्या की धोरण खूप विचार करून आखलेलं आहे. मी म्हटलं, मग त्यात मेणबत्ती कुणाच्या विचाराने आली? त्यांचा चेहरा जरा उतरला, आणि क्लेम मंजूर झाला. अट एकच, वर्षाचा सगळा कोटा एकदम घ्यायचा. त्याचा भावही दुकानापेक्षा बराच स्वस्त पडत होता. जाळ्या, टोप्या, ब्रश, सगळं त्यातच आलं. पेटी आली ती कंपनीच्या निळ्या फितीने बांधलेली.

मी ती तशीच फितीसकट आईला नेऊन दिली. आईने फीत सोडून केसांत घालायला नातीसाठी ठेवली आणि पेटीला हात लावून म्हणाली, वर्षभराचे? मी म्हटलं, वर्षभराचे. त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी बाजारात बसून भजी खाल्ली आणि मी कंपनीला पोटभर शिव्या दिल्या.

शिव्या द्यायला मला बाजाराइतकी चांगली जागा नव्हती. घरी नवऱ्याला सांगितलं की तो म्हणतो, सोड ना. आई तसं म्हणत नसे. मी तिच्या बाजूला बसायची, ती मान खाली घालून कोयत्यावर मासे साफ करायची, आणि मी मॅडमपासून सुरू करून पोर्टलपर्यंत सगळं सांगायची. ती मधूनमधून हं म्हणायची. सेल मिळाले तरी माझं बोलणं थांबलं नाही, कारण ऑफिसही थांबत नव्हतं. आई ऐकते म्हणून माझा दिवस जायचा, हे मी खरं सांगते.

आता जे झालं ते फक्त आमच्यातच होऊ शकतं. ऑक्टोबरचं ऊन पेटलेलं. आईने आयुष्यभर एकच शास्त्र पाळलंय, की उन्हात सगळं नासतं आणि बर्फात सगळं टिकतं. सुरमई टिकते, कोळंबी टिकते, तर वर्षभराचे सेल उघड्यावर कशाला? तिने ती सगळी पाकिटं एका प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली आणि थर्माकोलच्या पेटीत तळाला, बर्फाखाली, नीट दडवून ठेवली. वर म्हावरं. एक पाकीट काय ते बाहेर राहिलं होतं. ते संपत येईपर्यंत कुणाला पत्ता नाही.

ते संपत आलं तेव्हा आईने तळातून पिशवी काढली. गाठीतून बर्फाचं पाणी आत गेलं होतं. सेलवर चिकटवलेल्या कागदी टिकल्या सुटून पाण्यात तरंगत होत्या आणि सेलांवर पांढरी बुरशीसारखी पूड धरली होती. एकही चालला नाही. मी संध्याकाळी गेले तर आई पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. मला म्हणाली, "म्हावरं ताजं राह्यलं, हे कसं नासलं गो?"

मी हसले का? नाही. मला एवढा राग आला की कुणावर काढावा ते कळेना. आईवर तर काढता येत नव्हता, तिने राखायला म्हणूनच ठेवले होते. भावावर काढावा, तर तो आधीच खुशीत होता. म्हणाला, बरं झालं, देवानेच निकाल दिला, आता बस घरी. त्याच आठवड्यात कुणीतरी त्याला शूटिंगसाठी अंगण विचारलं होतं. टोपल्यांची आणि आईची जागा त्याने एकदमच मोजली.

मी थाप मारूनही बघितली. बोरिवलीहून स्वतःच्या पैशाने सेल आणले आणि आईला म्हटलं, कंपनीने परत पाठवले. आईने पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, निळी फीत कुठंय? मी काहीतरी सांगितलं. शिळ्या माशाला ताजा म्हणणाऱ्यांत तिचा जन्म गेला, तिला मी काय फसवणार? पाकीट परत माझ्या पर्समध्ये.

परत मॅडम. मॅडम म्हणाल्या, यंदाचा कोटा संपला, आता एप्रिलमध्ये. मी म्हटलं, एप्रिलपर्यंत तिच्याकडे सेल नाहीत. म्हणाल्या, सेल खराब कसे झाले ते लिहून द्या. मी लिहून दिलं, बर्फात ठेवले. ते वाचून त्या इतक्या वेळ हसल्या की मला तिथल्या काचेच्या कुंडीतला बांबू उपटून त्यांच्या केसांत खोचावासा वाटला. हसू ओसरल्यावर त्यांना एक कल्पना सुचली. ऑफिसात कुटुंबमेळा होता. त्यात कंपनीने कुणाचं आयुष्य कसं बदललं ते दाखवायचं होतं. तुमच्या आईला आणा ना, म्हणाल्या, कोळी पोशाखात, दागिने घालून. स्टेजवर बसतील, दोन शब्द बोलतील, व्हिडिओ करू. मग खास बाब म्हणून वरून मंजुरी आणता येईल.

तर हा भाव होता. सेल पाहिजेत तर आई नाचवा. भावाच्या शूटिंगवाल्यांना मी नावं ठेवत होते, इथे आमचंच ऑफिस त्यांच्या वरताण निघालं. मला नाही म्हणायचं होतं. पण आईकडे तेव्हा मशीनमध्ये होता तो आणि एक जास्तीचा, एवढेच सेल उरले होते. मी आईच्या तोंडासमोर बसून मोठ्याने सगळं सांगितलं. तसं बोललं तर मशीन नसतानाही तिला बरंच कळतं. ती म्हणाली, येते, मना काय, बसायचंच ना?

मेळ्याच्या दिवशी आई हिरवं लुगडं, उरलेली एक पाटली आणि कानात मशीन घालून आली. मॅडमनी तिला दोन्ही हातांनी धरून स्टेजवरच्या सोफ्यावर बसवलं. बाजूला तेच लिफ्टमधलं पोस्टर, आता माणसाहून मोठं. मग भाषणं सुरू झाली. मॅडम बोलल्या. त्यांच्यावरच्या मॅडम बोलल्या. काळजी, कुटुंब, प्रवास, असे शब्द एकामागून एक येत होते. खाली पहिल्या रांगेत सगळ्यात मोठे साहेब बसले होते, त्यांना आधी कधी मी लिफ्टमध्येही बघितलं नव्हतं. आई शांतपणे हसऱ्या चेहऱ्याने सगळ्यांकडे बघत होती. एवढ्या भाषणांना एवढं शांत बसणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मला तिचं कौतुक वाटलं.

शेवटी मॅडम माइक घेऊन आईजवळ गेल्या, गुडघ्यावर बसल्या आणि पाणावलेल्या आवाजात विचारलं की आई, आज सगळं ऐकू येतंय, कसं वाटतंय? कॅमेरा जवळ आला. आई हसली. मॅडमनी परत विचारलं. आई परत हसली. मी मागून उठून स्टेजपाशी गेले आणि तिच्या गुडघ्याला हात लावून खूण केली. तेव्हा आईने सावकाश कानामागे हात नेला, मशीन काढलं, सेलचं उघडं दार नखाने बंद केलं, मशीन परत घातलं आणि मॅडमना म्हणाली, हां, बोल आता.

मॅडमच्या तोंडून एवढंच निघालं की मशीन बंद होतं? आई त्यांना समजावून सांगावं तशी म्हणाली, "ते बंदरावर लागते. हितं काय लिलाव हाय?"

माइक चालू होता. आधी मागचे पोरगे हसले, मग सगळे. सर्वांत मोठ्याने ते मोठे साहेब हसले. हसत हसत उठले, स्टेजवर आले, आईला नमस्कार केला आणि मॅडमना म्हणाले की यांना काय हवं ते उद्या पोचवा, वर्षाचं द्या, दोन वर्षांचं द्या. झाली मंजुरी! जे धोरण खूप विचार करून आखलं होतं, ज्यात चिठ्ठ्या आणि शेरे आणि एप्रिल होता, ते एका माणसाला हसू आलं म्हणून वाकलं. तो त्या दिवशी घरून भांडून आला असता तर माझी आई ओट्यावर बसली असती. अशी यांची काळजी. व्हिडिओ अर्थातच कुणी दाखवला नाही.

रिक्षाने आईला बाजारात परत नेताना मी बोलत सुटले. मॅडमचा चेहरा, गुडघ्यावर बसणं, पोस्टर, साहेब, सगळं एका दमात. आई बाहेर बघत हं हं करत होती. बोलता बोलता माझं लक्ष तिच्या कानाकडे गेलं. सेलचं दार उघडं होतं.

मी बोलायची थांबले. मग तिचा दंड धरून तिला माझ्याकडे वळवलं आणि तोंडासमोर मोठ्याने विचारलं, आई, बाजारात मी रोज येऊन बसते, तेव्हा मशीन चालू असतं ना? तिने माझ्याकडे असं बघितलं की एवढी शिकलेली पोरगी असलं काय विचारते.

"तू रोज तेच बोलतंस," ती म्हणाली. "तोंड बघून कळते. त्याला सेल कशाला जाळू?"

रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी बाहेर बघायला लागले. महिनोन्‌महिने मी त्या क्रेटवर बसून मन मोकळं करत होते, आणि सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आईने एक सेल लिलावाला ठेवला होता आणि माझ्यासाठी काहीच नाही. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. नुसतं वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं.

सेलची पेटी दोन दिवसांनी आली, निळ्या फितीसकट. यावेळी मी ती आईच्या कपाटात, पातळांच्या घडीत, स्वतःच्या हाताने ठेवली आणि भावाला बजावलं की ही पेटी बर्फाजवळ दिसली तर तुला त्या थर्माकोलात घालीन. तो म्हणाला, ताई, तू कशाला तोंड घालतेस? शूटिंगवाल्यांनी तोवर दुसऱ्याचं अंगण ठरवलं होतं, त्यामुळे त्याचाही जोर उतरला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे आई बंदरावर गेली, तीही आपल्या नेहमीच्या जागेवर.

त्या संध्याकाळी मी बाजारात गेले. क्रेट उलटा केला, बसले. टोपलीतलं म्हावरं मोजायला लागले. आईने कोयता बाजूला ठेवला, लुगड्याला हात पुसले, कानामागे हात नेला आणि दार बंद केलं. मशीनने आत बारीक शिट्टी मारल्याचं मलाही ऐकू आलं.

"बोल आता," ती म्हणाली. "कंपनीचा हाय."

मी सवयीने कंपनीपासूनच सुरुवात केली. मॅडमनी सकाळी लिफ्टमध्ये तोंड फिरवलं, एवढं म्हणून झालं असेल नसेल, तर आईचा हात परत कानाकडे निघाला. मी घाईघाईने विचारलं, आई, तू दुपारी जेवलीस काय गं?

तिचा हात खाली आला.

"नाय," ती म्हणाली.